गिरणीवाले (४ जण)

सोनू,

गेस्ट लिस्टच्या शीटमधल्या तुझ्या कमेंट वाचल्या. 'गिरणीवाले काकांकडचे – ४' या ओळीपुढे तू विचारलंयस, बाबा हे कोण, आणि आपण यांना का बोलावतोय. त्याचं उत्तर दोन ओळींत दिलं असतं. पण त्याच्याखाली अजून एक आहे, की हे माझं लग्न आहे की तुम्हाला ज्या लग्नांना जाता आलं नाही त्यांची भरपाई. ती वाचून मी लॅपटॉप मिटला आणि गॅरेज आवरायला गेलो, आई म्हणाली या थंडीत काय आवरताय, म्हटलं असंच. रागावलो नाहीये गं. लागलं थोडं, नेम बरोबर बसला म्हणून. कमेंटच्या चौकटीत एवढं मावणार नाही म्हणून इथे लिहितोय, सावकाश वाच, अडलं तर आईला विचार, कंटाळा आला तर सोडून दे.

ताईआत्याच्या लग्नापासून सांगतो. १९८४ चा मे, माझी पाचवीची परीक्षा नुकती झालेली. सांगलीचं घर तू पाहिलंयस पण ते फरशा बसवल्यानंतरचं, तेव्हा पुढे शेणाने सारवलेलं अंगण होतं, मांडव तिथेच पडणार होता आणि पंगती शेजारच्या शाळेत, उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा लग्नाला मिळायच्या, वऱ्हाडाचा जानवसाही तिथेच, तिसरी ब च्या वर्गात. लग्न मेमध्ये, पण घराला लग्न लागलं संक्रांतीपासूनच. आधी सुपारी फुटली, मग याद्यांची बैठक. म्हणजे दोन्हीकडची मोठी माणसं सतरंजीवर बसतात आणि कोणी काय करायचं ते कागदावर उतरवतात, मानपान कुणाचा, जेवण कुणाचं, वर हळदकुंकू लावायचं आणि खाली सह्या. हुंडा कायद्याने १९६१ पासूनच बंद, त्यामुळे तो शब्द त्या कागदावर कुठेच नव्हता, 'वरपोशाख' होता आणि 'प्रवासखर्च' होता. प्रवासखर्चाचा आकडा ऐकून मला वाटलं नवरदेव मुंबईच्याही पलीकडे कुठेतरी राहतो. तो कराडला राहायचा.

मग बायकांचं सुरू झालं. गच्चीवर जुन्या धोतरांवर कुरडया, सांडगे, शेवया, पापडाच्या लाट्या, आणि आम्हा पोरांचं काम कावळे हाकायचं, त्यात लाट्याच आम्ही जास्त खाल्ल्या. गहू निवडायला गल्लीतल्या बायका दुपारी आपापली सुपं घेऊन यायच्या, कुणी बोलावणं धाडायचं नाही, कार्य आहे म्हटलं की यायच्याच. हळद मात्र आणावी लागायची नाही, सांगलीत हळदीचा बाजार, हळकुंडं कुणी ना कुणी आणून टाकायचंच.

खरी रड साखरेची. तुला हे खोटं वाटेल. तेव्हा स्वस्त साखर रेशन कार्डावर मिळायची, घरात माणसं किती त्या हिशोबाने, आणि बाकीची खुल्या बाजारात, ती महाग. आमच्याकडे चहूकडे ऊस, साखर कारखाना गावातच, हंगामात सगळीकडे मळीचा वास, आणि बुंदीच्या लाडवांना साखर जमत नाही. अण्णांचा पगार केवढा, चारशे पानं उठायची, परत वर शिऱ्याला आणि चहाला लागणार ती वेगळीच. तर शेजारच्यांनी आपापली कार्डं आणून दिली. मी आणि तुझा दादाकाका दोघं पिशव्या घेऊन रेशनच्या रांगेत, एका हातात पाच-सहा घरांची कार्डं, आणि दुकानदारही काही बोलायचा नाही, त्यालाही माहीत लग्न कुणाकडे आहे. म्हणजे त्या घरांनी तो महिना बिनसाखरेचा नाहीतर गुळाचा चहा घेतला असणार, हे मला फार नंतर कळलं. बापूमामा कारखान्याचा सभासद होता, सभासदांना मिळते ती साखर त्याने पोत्यासकट सायकलला बांधून आणली आणि तो पाणी पिऊन गेला, थांबलाही नाही.

आता गिरणीवाले. कोपऱ्यावर त्यांची पिठाची गिरणी, तू पाहिलेली नाहीस, तिथे आता पुढे मोबाइलचं दुकान आहे आणि गिरणी मागे गेलीय, त्यांचा मुलगा चालवतो. लाडवासाठी हरभऱ्याची डाळ दळायची होती आणि वीज दिवसा कधीही जायची, म्हणून काका म्हणाले रात्री आणा. मी डाळीच्या डब्यावर बसून होतो. त्यांनी काय केलं माहितीय, दिवसभर ज्वारी दळलेली, त्याचं पीठ आपल्या बेसनात यायला नको म्हणून आधी दगडातून आपल्या घरची थोडी डाळ काढली, ते पीठ बाजूला टाकलं, मग खालची कापडी पिशवी काढून झटकली, उलटी केली, परत झटकली, आणि मगच आमचा डबा ओतला. मध्ये दोनदा वीज गेली. आम्ही अंधारात बसलो, ते बिडी ओढत होते, मला म्हणाले झोप आली तर झोप, मी उठवतो. रात्री कधी झालं ते मला आठवत नाही, सकाळी घरात बेसनाचे डबे होते आणि मी अंथरुणात होतो. दळणाचे पैसे घेतले नाहीत. लग्नात अकरा रुपये आहेर केला वर.

हे अकरा रुपये मला कसे माहीत, तर वही आहे. लाल कापडाच्या बांधणीची लांबट वही, पहिल्या पानावर श्री, मग अण्णांच्या तिरक्या अक्षरात एकेक ओळ, नाव, गाव, काय दिलं. 'पितळी तांब्या.' 'स्टील डबा, मोठा.' 'रु. ५.' गिरणीवाल्यांच्या ओळीत 'रु. ११ व दळण'. साखर दिलेल्यांचं वेगळं पान, तिथे किलो. ती वही नंतर पंधरा-वीस वर्षं बाहेर निघत होती, गिरणीवाल्यांच्या मुलीचं लग्न निघालं की अण्णा चष्मा लावून ती वही उघडायचे आणि आलं होतं त्याच्यापेक्षा वरचढ काहीतरी जायचं. ती आता दादाकाकाकडे आहे, गेल्या खेपेला मी पानन् पान फोटो काढून आणलंय आणि खरं सांगायचं तर शीटमधली माझी अर्धी नावं तिथूनच उचललीत.

म्हणजे तू म्हणशील हा हिशोबच झाला. हो, झालाच. मला ते सगळं गोड गोड करून सांगायचं नाहीये, त्या लग्नाचं कर्ज अण्णा मी कॉलेजात जाईपर्यंत फेडत होते, पतसंस्थेचा हप्ता म्हटलं की घरात आवाज खाली यायचा. एक नातेवाईक आयुष्यभर बोलले नाहीत, कारण त्यांची पत्रिका पोस्टाने गेली, अक्षता घेऊन घरी कोणी गेलं नाही. आजी तर त्या मांडवात जेवली कधी तेच कुणी पाहिलं नाही. आणि ज्याला आपण सगळे माणुसकी माणुसकी म्हणतो त्यातलं किती प्रेम आणि किती लोक काय म्हणतील, हे मला आजही वेगळं काढता येत नाही.

आणि एक सांगतो, हे सांगावं की नको असं होतंय कारण ते तुझ्याच बाजूने जातं. मागच्या महिन्यात ताईआत्याशी व्हिडिओ कॉल चालला होता, मी हौसेने साखरेची गोष्ट काढली, तर ती ऐकून घेऊन म्हणाली, हे सगळं तुला आठवतं, पण माझी कॉलेजची मैत्रीण आलीच नव्हती ते आठवतं का. यादीत नव्हती ती. पानं वाढतील म्हणून अण्णांनी कॉलेजच्या मुली काढून टाकल्या होत्या, आत्याला विचारलं नाही, तिनेही काही म्हटलं नाही, तेव्हा मुली म्हणत नसत. चाळीस वर्षांनी हे ती हसत हसत सांगत होती आणि मला काय बोलावं कळेना. तर तुझी ती कमेंट वाचली तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती आत्याच, गिरणी नंतर.

आता भरपाईचं. आम्ही १९९९ ला इकडे कॅनडात मिसिसागाला आलो. त्यानंतर त्या वहीतल्या घरांमध्ये लग्नं झाली, मुंजी झाल्या, बारशी झाली, माणसंही गेली. गिरणीवाले काका २०११ मध्ये गेले. प्रत्येक वेळी फोन यायचा, यायचं हं, आणि दोघांनाही माहीत असायचं की येणार नाही, तिकिटं, सुट्ट्या, तुझी शाळा. दादाकाका माझ्या नावाचं पाकीट द्यायचा. म्हणजे वहीत मी आहे, रक्कम आहे, माणूस नाही. तेव्हा हो, थोडी भरपाई आहे. सगळी नाही. आणि ती तुझ्या लग्नात का करायची हा तुझा मुद्दा मला पटतो, नाही असं नाही, पण दुसरं कुठलं कार्य माझ्याकडे उरलंय सांग, साठीशांत मी करून घेणार नाही.

त्यातही गंमत बघ. आपण जुनं म्हणून जे धरून बसलोय ते आपल्या सोयीने कितीदा वाकवलंय. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात हे खरं, पण डिसेंबरची तारीख आपण काढली ती तुम्हा दोघांच्या सुट्टीवरून, नंतर गुरुजींना विचारलं आणि ते म्हणाले उत्तम आहे, गुरुजीही हुशार. कायद्याचं लग्न इथेच उरकायचं ठरलं, कारण तिकडे १९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टखाली आधी तीस दिवस नोटीस लागते आणि दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेलं पाहिजे, एवढी रजा कुणाकडे आहे. इथलं ऑन्टॅरिओचं लायसन्स नव्वद दिवस चालतं, तेव्हा तेही फार लवकर काढून ठेवू नका, आईने काढायची घाई लावलीय. बस्ता तुम्ही ऑनलाइन बांधला. केळवणं इथल्या इथे, तीही पॉटलक, आणि जावईबापू पहिल्या केळवणानंतर विचारत होते की अजून किती लोक आपल्याला जेवायला घालणार आहेत, त्यांना हा भाग फार आवडलाय. मग एवढं सगळं बदललं तर यादीलाच काय सोनं लागलंय, असं तू म्हणालीस तर माझ्याकडे फार भक्कम उत्तर नाही. एवढंच आहे की ओटीत नारळाऐवजी सफरचंद दिलं तरी मला चालेल, पण त्या काकू दारात उभ्या दिसाव्यात असं वाटतं. का ते मलाही नीट सांगता येत नाही.

बरं, आता कामाचं. हॉलवाला साडेतीनशेच्या वर एक पान घेणार नाही. तुझ्या आणि त्याच्या सगळ्या मित्रमैत्रिणींची नावं आधी टाक, सगळ्या, ज्यांची तिकिटं पक्की नाहीत त्यांचीसुद्धा, त्यातलं एकही मी काढणार नाही आणि आईलाही काढू देणार नाही. उरतील तेवढ्यात मी बसवतो. माझ्या यादीत बेबीमावशीच्या सासरचे जे बारा आहेत ते जाऊ शकतात, ते का आले मलाही माहीत नाही, मावशीने फोनवर सांगितले आणि मी टाइप केले. ऑफिसचे जुने लोकही जाऊ दे, त्यांना नंतर चहाला भेटेन. बापूमामाकडचे आणि गिरणीवाले राहू देत अशी विनंती आहे, ऑर्डर नाही. चौघं आहेत, काकू, मुलगा, सून आणि नात, ती नात यंदा बारावीला आहे म्हणे, ती कदाचित येणारही नाही. तुला त्यांच्याशी काही बोलावं लागणार नाही, पाया पड आणि आई सांगेल तिथे बघून हस, पाया पडायचं नसेल तर नुसतं नमस्कार कर, काकू वाईट वाटून घेणाऱ्यातल्या नाहीत.

पत्रिकेवर 'आहेराचा स्वीकार केला जाणार नाही' हे छापायचं हे तुझं शंभर टक्के बरोबर, मी दादाकाकाला सांगितलंय, तो कुरकुर करतोय, म्हणतो लोक तरी पाकीट आणणारच, मग परत कसं करायचं. ते त्याचं तो बघेल. पहिली पत्रिका सांगलीच्या गणपतीला आणि दुसरी जोतिबाला तो स्वतः नेणार आहे, त्या दोन कागदाच्याच हव्यात. बाकी सगळ्यांना तुझी ती व्हॉट्सॲपची चालेल.

शनिवारी सकाळी शीट उघडून दोघंच बसू, आईला नंतर दाखवू. ज्या ओळी नकोत त्या पिवळ्या कर, मी एकदोन ठिकाणी भांडेन. आणि हॉलचा दुसरा हप्ता महिनाअखेरपर्यंत जायला हवा, दादाकाकाच्या खात्यावर मी उद्या पाठवतोय, तुझ्याकडचे तेवढे आचाऱ्याच्या ॲडव्हान्सला ठेव.

बाबा