वाचक विचारतात : दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं?

प्रश्न : मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहते. घरी ब्लाउज शिवते, आरीकाम म्हणजे आरीच्या सुईने भरतकाम करते. माझं कानडी चांगलं असल्यामुळे कुणी जमिनीचा पहाणी उतारा वाचून घ्यायला, कुणी रेशनकार्डाचा अर्ज भरायला, कुणी बायकांसाठीच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे का थांबले ते विचारायला दिवसभर येत असतं. सगळी ओळखीची माणसं. ऑर्डरी मग रात्री जागून पुऱ्या कराव्या लागतात. आवडीच्या कामाचाही आता वीट आलाय, घरच्यांवर चिडचिड होते. नाही म्हटलं तर शिष्ट म्हणतील. काय करू?

उत्तर : येणारी माणसं खरोखर अडलेली असतात. बोलणं मराठीत, कागद कानडीत. त्यांनी जावं कुठे? म्हणून ही मदत बंद करा असं आम्ही सांगणार नाही. तिला वेळ बांधून द्या. पण त्याआधी तुमच्या कामाची वेळ ठरवा, कारण उरलेल्या वेळात आरीकाम होत नाही हे तुम्हीच अनुभवताय. साखळी टाक्याचा शेवटचा फास अडकवायच्या आत हाक आली आणि तसंच उठलात, तर धागा ओढला जाऊन ओळच्या ओळ उसवते. दहा मिनिटांच्या कागदापायी तासाचं काम जातं ते असं.

सकाळी 10 ते 1 फक्त आरीकाम. फोन दुसऱ्या खोलीत. कागदांसाठी आठवड्यातून दोन दिवस, समजा बुधवार आणि शनिवार, दुपारी 4 ते 6. एका माणसाला वीस मिनिटं धरली तर सहा जण होतात. नावं वहीत लिहा, सातव्याला पुढचा वार द्या. हूक लावणं, हेमिंग ही कामं कुणी समोर बसलं तरी होतात, ती या दोन तासांत घ्या.

पुष्कळ फेऱ्या अपुऱ्या कागदांमुळे होतात. आधार, रेशनकार्ड, पासबुक, आधीच्या अर्जाची पावती आणि आधारला जोडलेला मोबाइल, एवढी यादी मोठ्या अक्षरात दारावर लावा. मोबाइल हमखास मुलाकडे राहतो, ओटीपी येत नाही आणि तेच काम दुसऱ्यांदा तुमच्या दारात येतं. वाचून अर्थ सांगणं तुमच्याकडे ठेवा. ऑनलाइन अर्ज ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रात किंवा नाडकचेरीत (महसूल कार्यालयात) होतात. खात्याला आधार जोडलेलं नसलं तर ते बँकेतच सुटतं. तिथे दाखवायला चिठ्ठीवर दोन ओळी कानडीत लिहून द्या, माणसाचं निम्मं दडपण तिथेच उतरतं. मूळ कागद मात्र घरी ठेवून घेऊ नका. हरवले तर केलेलं सगळं विसरलं जाईल.

सांगायचं कसं? ‘काकी, आता हातातलं सोडता येत नाही. बुधवारी चारला कागद घेऊन या, नक्की बघते.’ एवढंच. कारणं देत बसू नका. ‘आज ऑर्डर आहे’ म्हटलं की ‘मग रात्री येऊ?’ असं येतंच. अपवाद दोनच : दवाखान्याचा कागद आणि उद्याच मुदत संपणारा अर्ज.

पहिले दोन-तीन आठवडे जड जातील. लोक जुन्या सवयीने येतील, दोनदा हाक मारतील. तिसऱ्या हाकेला उठलात तर तीन हाका मारायच्या, एवढंच ते शिकतील. त्याहून जास्त वेळा हे फिसकटतं ते घरातूनच. सासूबाई ओट्यावरून ‘ये गं, आहे ती आत’ म्हणतात आणि तुमचा नेम मोडतो. म्हणून वेळापत्रक आधी घरात सांगा, गावाला नंतर. काही जण शिष्ट म्हणतीलही. बुधवारी त्यांचं काम झालं की त्यातले बरेच जण गप्प होतील. आणि कानडी घेऊन शिकणारी पीयूसीची (अकरावी-बारावीची) एखादी मुलगी शेजारी बसवा, चार-सहा महिन्यांत साधे अर्ज ती बघू लागेल.

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) मी क्वालिटी बघतो. ड्यूटी संपली तरी रात्रपाळीचे फोन येतच राहतात. झोप धड होत नाही, पण फोन बंद ठेवायची भीती वाटते.

उत्तर : बंद ठेवू नका. रात्रीचा सुपरवायझर फोन करतो कारण ठरवायचा अधिकार त्याला नसतो, आणि वितळलेला रस भट्टीत थांबवून ठेवला तर वीज जळते, केमिस्ट्रीही बिघडते. त्याला तिथल्या तिथे निर्णय हवा असतो. आठवडाभर प्रत्येक फोनची वेळ आणि विषय टिपा. मग एका पानावर लिहा : साच्याच्या सँडची (वाळूची) ओल ठरल्या आकड्याबाहेर गेली तर मोल्डिंग थांबवून सँड सुधारा, स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट मर्यादेबाहेर गेला तर ओतू नका, दुरुस्ती करून पुन्हा नमुना घ्या. फोन तेव्हाच, जेव्हा दुसरा नमुनाही मर्यादेबाहेर जाईल, एकाच पॅटर्नची पाच कास्टिंग लागोपाठ खराब निघतील किंवा कुणाला इजा होईल. पानावर प्लांट हेडची सही घ्याच. सही नसेल तर पहिल्या रिजेक्शनचं खापर सुपरवायझरवर फुटेल आणि दुसऱ्या रात्रीपासून तो पुन्हा फोन करील. पाळी बदलताना पंधरा मिनिटं समोरासमोर बोला. मोबाइल डू नॉट डिस्टर्बवर टाकून त्याचा एकच नंबर चालू ठेवा.

प्रश्न : मी निपाणीत शिक्षिका आहे. नुसता थकवा आणि बर्नआउट यातला फरक कसा ओळखायचा?

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू असलेल्या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार म्हणून नाही, कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून आहे. खुणा तीन : गळून जाणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. साधा थकवा दोन दिवसांच्या विश्रांतीने बराचसा उतरतो. बर्नआउट सुट्टीनंतर वर्गात पाय ठेवताच परत येतो. आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर तपासून घ्या, कारण त्यांच्यातल्या बिघाडानेही असंच गळून जायला होतं. शाळेबाहेरही कशातच मन रमत नसेल, झोप आणि भूक बिघडून दोन आठवडे झाले असतील, तर ते नैराश्य असू शकतं; डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र लागतो आणि भाषा निवडता येते. जिवाचं बरंवाईट करून घ्यायचे विचार येत असतील तर तपासण्यांसाठी थांबू नका, त्याच दिवशी घरच्या कुणाला तरी सांगा आणि हा नंबर लावा.