सर्किट बोर्डावर सोल्डरचा टाका गोळा का होतो?

सोल्डर बिटावर, म्हणजे सोल्डरिंग आयर्नच्या तापलेल्या टोकावर, वितळवून मग जागेवर नेतोस ना? तिथेच घोळ आहे. वाटेतच फ्लक्स (धातू साफ करून सोल्डर पसरू देणारा पदार्थ) जळतं आणि टाका नुसता वर बसतो. बिट पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) आणि पार्टचा पाय दोघांना एकदम टेकव, एक-दोन सेकंद थांब, मग सोल्डरची तार समोरच्या बाजूने पायाला लाव, बिटाला नाही. पाय नीट तापला असेल तर सोल्डर आपोआप पॅडभर पसरतं आणि पायावर चढतं. आधी तार काढायची, मग बिट. थिजताना पाय हलला की टाका मळकट, दाणेदार दिसतो. थोडं फ्लक्स लावून तो पुन्हा तापव.

आयर्न 25 वॅटचं पुरे. तार 60/40 (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं), रोझिनवाली म्हणजे आत राळेचं फ्लक्स असलेली, 0.8 मिमीची माग. प्लंबिंगचं अ‍ॅसिड फ्लक्स अजिबात नको, तांबं खातं. मुलामा असलेलं बिट काळं पडलं तरी कानशीने घासू नकोस. ओल्या स्पंजवर पुसून लगेच सोल्डर चढव.

सोलापूरच्या उन्हाळ्यात जिवावर येईल, पण पंख्याचा झोत थेट बोर्डावर नको, बिट गार पडतं. धूर खिडकीकडे जाऊ दे. तारेत शिसं असतं, म्हणून भाकरी-शेंगाचटणीला बसण्याआधी हात साबणाने धू.