जपानी संगीतकार योको कान्नो यांनी आधी व्हिडिओ गेमला संगीत दिले की अ‍ॅनिमेला (जपानी अ‍ॅनिमेशनला)?

आधी गेमला: वासेदा विद्यापीठात शिकत असतानाच त्यांनी कोएई या जपानी कंपनीच्या १९८५ च्या ‘सानगोकुशी’ या गेमला संगीत दिले आणि पुढे ‘नोबुनागा नो याबो’ व ‘दाइकोकाई जिदाई’ या मालिकांसाठीही काम केले. गेमांच्या श्रेयनामावल्या आणि ध्वनिमुद्रिका प्रकाशनाच्या वर्षांनुसार लावल्या, की हा क्रम सहज दिसतो. त्या काळच्या घरगुती संगणकांत एका वेळी मोजकेच स्वर वाजत, त्यामुळे चाल, तिचा आधारस्वर आणि ठेका एवढ्यावरच युद्धाचे किंवा समुद्रप्रवासाचे वातावरण उभे करावे लागे. शिवाय खेळाडू एकाच नकाशावर तासभर रेंगाळला तरी तीच धून पुन्हा पुन्हा ऐकवायची असल्याने ती कंटाळवाणी होऊन चालत नसे. माझ्या मते त्यांच्या चाली एकदा ऐकून लक्षात राहतात याचे मूळ या शिस्तीत असावे, जरी पुढे ‘एस्काफ्लोने’ या अ‍ॅनिमे मालिकेसाठी (१९९६) वॉर्सा फिलहार्मोनिकसारखा पूर्ण वाद्यवृंद आणि ‘काउबॉय बीबॉप’साठी (१९९८) सीटबेल्ट्स हा जॅझ-ब्लूजचा ताफा त्यांच्या हाताशी आला. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी: १९९४ च्या ‘मॅक्रॉस प्लस’ने त्यांचे नाव गाजले म्हणून अनेक जण तेच त्यांचे पहिले अ‍ॅनिमे मानतात, पण अ‍ॅनिमेसाठी त्यांनी त्याआधीही थोडे काम केले होते, आणि अ‍ॅनिमेत स्थिरावल्यावर त्यांनी गेम सोडले असेही नाही, कारण ‘रॅग्नारोक ऑनलाइन २’चे संगीत त्यांचेच आहे.