ब्रेकची हवा काढायची की ब्रेकमधली?

प्रश्न थोडक्यात असा आहे, की गाडीच्या मॅन्युअलचं मराठी करताना ब्रेक, क्लच आणि कूलिंग सिस्टिम ‘ब्लीड’ करा, म्हणजे आत अडकलेली हवा बाहेर काढा, याला काय लिहायचं, मशीनने ‘ब्रेक रक्तस्राव’ असं दिलंय, कुणीतरी ‘निर्वातन’ सुचवलंय, यातलं काय घ्यावं?

रक्तस्राव आधी काढून टाका. वाचून हसू येतं ते सोडा, पण अर्थच उलटा होतो. स्राव म्हणजे जे आपलं आपण वाहतं ते, म्हणजे ब्रेकचा स्राव म्हटलं की ऑइल गळतंय असंच वाटणार, आणि गळती हा तर बिघाड झाला, दुरुस्ती नव्हे. इंग्रजीत रक्त वाहणं आणि मुद्दाम वाहू देणं दोन्ही एकाच क्रियापदात बसतं, कारखान्यातला अर्थ त्यातल्या दुसऱ्यावरून आलाय, जुने वैद्य शीर कापून रक्त काढायचे त्यावरून. आपल्याकडे त्यासाठी आयुर्वेदात वेगळा शब्दच आहे, रक्तमोक्षण. आणि रोजच्या बोलण्यातही मराठी हा फरक क्रियापदातच करते, गळणे वेगळं गाळणे वेगळं, निघणे वेगळं काढणे वेगळं, त्यामुळे इथे कसरत करायची गरजच नाही.

निर्वातन ऐकायला भारदस्त आहे पण निर्वात म्हणजे व्हॅक्यूम. निपलला, म्हणजे चाकाशी हवा काढण्यासाठी असलेल्या छोट्या पोकळ स्क्रूला, व्हॅक्यूम पंप लावून हवा ओढून घेतात ती एक पद्धत आहेच, पण पेडल मारून काढतात, वरून प्रेशर देऊन काढतात, या सगळ्याला निर्वातन म्हटलं तर वाचणारा पंप शोधत बसेल.

गॅरेजमध्ये सरळ ‘एअर काढणे’ म्हणतात आणि मला तेच पटतं. एअर स्त्रीलिंगी, हवेचं लिंग तिला आपसूक मिळालंय. एअर आली, एअर पकडली, एअर काढली. त्यातलं ‘पकडली’ मला फार आवडतं, लाईनने एअर पकडली, म्हणजे जणू दोष लाईनचाच, आणि बऱ्याचदा असतोही, कारण रिझर्व्हॉयरमधली, म्हणजे ऑइलच्या डब्यातली, लेव्हल खाली गेली की मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलने दाबला जाणारा मुख्य पंप, हवा ओढतो, किंवा पाईप काढून परत जोडला की आत शिरते. डिझेल संपेपर्यंत गाडी चालवली की डिझेलच्या लाईनलाही हेच वाक्य.

लिहिताना मात्र एक विभक्ती सांभाळा. ‘ब्रेकची हवा काढणे’ लिहू नका, ‘ब्रेकच्या लाईनमधली हवा काढणे’ लिहा. ‘ची’ लावलं की टायरची हवा काढल्यासारखं होतं, म्हणजे होती ती हक्काची हवा गेली आणि वस्तू बसली. माणसाची हवा काढतात तेही याच चालीवर. ‘मधली’ म्हटलं की ती तिथे नको असलेली, आत अडकलेली, हे आपोआप कळतं. ब्रेकमध्ये तर हाच मुद्दा आहे, फ्लुइड, म्हणजे ब्रेक ऑइल, दाबलं तरी जवळपास आकसत नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो, हवा आकसते, मग पेडल स्पंजी लागतं, खाली खाली जातं आणि दोन-तीनदा मारलं की जरा वर येतं.

मॅन्युअलमध्ये सूचनांचे शब्दही नीट लावा, कारण एक जण आत पेडलवर आणि दुसरा चाकाशी असतो. ‘दाब’ लिहून चालत नाही, ‘दाबून धर’ पाहिजे. मग खालच्याने निपल थोडा ढिला करायचा, नळीतून बुडबुड्यांसकट फ्लुइड बाहेर येतं, निपल घट्ट करायचा, आणि मगच वरच्याला ‘सोड’. हा ‘मगच’ गाळलात तर वाचणारा निपल उघडा असताना पाय उचलेल आणि गेलेली हवा परत आत. कुठल्या चाकापासून सुरुवात ते गाडीगणिक बदलतं, सरसकट ‘सगळ्यात लांबच्या चाकापासून’ लिहू नका, मूळ मॅन्युअलमध्ये असेल तोच क्रम ठेवा.

जाता जाता, बोलताना सगळे ब्रेक ऑइल म्हणतात, मीही म्हणतो, वर म्हटलंच आहे. पण छापताना ब्रेक फ्लुइड लिहा. डब्यावर लिहिलेले डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१ हे ब्रेक फ्लुइडचे ग्रेड, ही फ्लुइडं ग्लायकॉलच्या जातीची असतात, खनिज तेल नव्हे, आणि ‘ऑइल’ वाचून कुणी इंजिन ऑइल ओतलं तर आतली रबरी सीलं फुगून सगळी सिस्टिम बाद.

कूलिंगला मी वेगळं क्रियापद घेईन. तिथे हवा कोणी ढकलून काढत नाही, कूलंट भरत गेलं की ती स्वतःच उंच जागी जाऊन बसते, थर्मोस्टॅटच्या वळणावर नाहीतर हीटरच्या जाळीत, आणि तिला फक्त वाट द्यायची असते. इंजिन गार असताना कॅप उघडायची, हीटर फुल गरमवर ठेवायचा, ब्लीडर स्क्रू असेल तर ढिला करून त्यातून बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत हळूहळू ओतत राहायचं. म्हणून इथे ‘हवा निघू द्या’. आणि हीटर चालू करूनही गार वारा, डॅशबोर्डमागे गुळगुळ आवाज, टेम्परेचरचा काटा वरखाली, या लक्षणांना ‘हवा अडकली आहे’ किंवा ‘एअर लॉक झालाय’, दोन्ही सर्रास चालतं. क्लच हायड्रॉलिक असेल तर त्याला ब्रेकचंच वाक्य लावा.

निपलला शब्द शोधू नका. कोणी ‘वायुमोचक पेच’ वगैरे सुचवेल, पण स्पॅनर घेऊन गाडीखाली झोपलेल्या माणसाला तो सापडायला हवा ना.