पेशींचं वय वहीत असतं

चि.,
अनेक आशीर्वाद.

पेशींच्या म्हातारपणावर काम सुरू करणार आहेस, आणि आधी काय वाचू असं विचारलंयस. वाचन होत राहील. आधी वही घाल.

इथे वय दिवसांत मोजत नाहीत. पेशी किती वेळा दुणावल्या, ते त्यांचं वय. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं पडलेली कुपी बाहेर काढ. पेशी जिथे थांबल्या होत्या तिथूनच पुढे मोजायला लागतात. म्हणून पेशी पुण्यातल्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या) पेशीभांडारातून आणल्यास किंवा शेजारच्या प्रयोगशाळेतून मागून आणल्यास, पहिला प्रश्न एकच: आजवर दुणावण्या किती?

उत्तर बहुधा ‘पॅसेज १२’ असं मिळतं. ते वय नव्हे. ट्रिप्सिन (तळाला चिकटलेल्या पेशी सोडवणारं एन्झाइम) घालून पेशी किती वेळा उचलल्या, एवढंच त्यातून कळतं. १ लाख पेशी टाकल्या नि ८ लाख निघाल्या, तर त्या एका पॅसेजमध्ये ३ दुणावण्या. ४ लाख निघाल्या तर २. सूत्र सोपं आहे: निघालेल्या भागिले टाकलेल्या, त्याचा दहाच्या पायाचा लॉग, गुणिले ३.३२. घोळ होतो तो ट्रिप्सिन जास्त वेळ राहिलं की. टाकलेल्यांतल्या कित्येक तळाला चिकटतच नाहीत, दुणावण्या हिशेबात कमी भरतात, आणि पेशी दमल्या असं वाटतं. २-३ मिनिटांत मायक्रोस्कोपखाली बघ. पेशी गोल होऊन सुटू लागल्या की लगेच सीरम (रक्तातला द्रव) असलेलं मीडियम, म्हणजे पेशींचं खाद्यद्रावण, घाल. सीरम ट्रिप्सिनला थोपवतं.

पेशी किती वेळा दुणावू शकतात, या प्रश्नावर अख्खं शास्त्र अर्धं शतक चुकलं होतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये आलेक्सी कारेल यांनी १९१२ साली कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा तुकडा वाढवायला घेतला, आणि तो ३४ वर्षं वाढत राहिला. कारेल नोबेलविजेते. मग काय, पेशी चिरंजीव असतात हे सगळ्यांनी मानून टाकलं. ज्याच्या पेशी मरत, तो आपल्याच हाताला दोष देई. तो प्रयोग पुढे कुणालाही जमला नाही. खाद्य म्हणून घातलेल्या गर्भाच्या अर्कातून ताज्या पेशी आत जात असाव्यात, असा तर्क नंतर मांडला गेला.

फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये हेफ्लिक आणि मूरहेड यांच्या पेशीही साधारण ५० दुणावण्यांनंतर थांबत. मीडियम खराब, काच नीट धुतली नाही, एखादा विषाणू आला, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. त्यांनी पुरुषाच्या म्हाताऱ्या पेशी आणि स्त्रीच्या तरुण पेशी एकाच भांड्यात वाढवल्या. पुरुषाच्या पेशींचं वेगळं ठेवलेलं भांडं थांबलं, तेव्हा मिश्र भांड्यातली गुणसूत्रं तपासली. वाढत होत्या त्या स्त्रीच्या पेशी. मीडियम तेच, भांडं तेच. मग बिघाड बाहेरचा कसा असेल? दर दुणावणीला गुणसूत्रांची टोकं (टेलोमिअर) झिजतात हे कळण्याच्या पुष्कळ आधीचा, १९६१ चा हा निबंध आहे. निव्वळ मोजून आणि योग्य तुलना लावून केलेलं काम. तुझ्या पेशी मेल्या की आधी हे आठव: सोबत तरुण पेशींचा एक फ्लास्क त्याच मीडियमवर चालू होता का? नसेल तर काहीच सिद्ध झालेलं नाही.

म्हाताऱ्या पेशी ओळखायला बीटा-गॅलॅक्टोसिडेझ या एन्झाइमची निळ्या रंगाची चाचणी करतात; तिच्यावर फार विसंबू नकोस. ते एन्झाइम तरुण पेशींतही असतं आणि सामू ४ च्या आसपास जोरात चालतं. म्हाताऱ्या पेशींत त्याचा साठा एवढा वाढतो की सामू ६ लाही रंग उमटतो. सगळा फरक त्या सामूवर उभा आहे. ही प्लेट रात्रभर कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवलीस तर द्रावण आम्ल होतं नि सामू बिघडतो. साध्या ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेव. खच्चून भरलेल्या प्लेटमध्ये तरुण पेशीही निळ्या पडतात. त्यामुळे डीएनए नव्याने बनतोय का, ही तपासणी जोडीला हवीच.

मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जीवाणूने मीडियम गढूळ होत नाही, आणि पेनिसिलिन त्याला लागू पडत नाही, कारण त्याला पेशीभित्तिकाच नसते. तो शिरला की पेशींची वाढ मंदावते, आणि तू त्यालाच म्हातारपण समजून बसशील. दर महिन्याला तपास.

सुरुवातीलाच १०-१५ कुप्या गोठवून ठेव: १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारं द्रव), मिनिटाला १ अंश या गतीने. पुढे सहाव्या महिन्यात फ्लास्कला बुरशी आली की (येते) परत शून्यापासून सुरुवात नको. कुपीवर तारखेच्या आधी दुणावण्यांचा आकडा घाल. साध्या मार्करची शाई अल्कोहोलने पुसली जाते, तेव्हा लेबल पेन्सिलने लिही.

पुढच्या पत्रासोबत फोटो नकोत. वहीतली पहिली चार पानं पाठव, खाडाखोडीसकट.