पत, पत्तु आणि सिबिल

निपाणीकडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. ते सध्या व्यापार, तंत्रज्ञान आणि समाज यांवरचे पॉडकास्ट भरपूर ऐकतात, हाती लागेल ते वाचतात आणि आवडलेलं मराठीत टिपून ठेवतात. ‘क्रेडिट’ आला की मात्र त्यांचं टिपण अडतं. ते विचारतात : आमच्याकडे ‘त्याला बाजारात पत आहे’ म्हणतात, पण सोसायटीच्या पाटीवर कन्नडमध्येही ‘पत्तिन सहकारी संघ’ असतं, मग शब्द आपला की त्यांचा? क्रेडिट स्कोअरला ‘पतगुण’ म्हणावं का? आणि बोलताना आम्ही ‘उद्री’ म्हणतो, ते लिहिताना ‘उधारी’ करावं का?

आधी पाटीचं बघू. बेळगाव शहरात असा फलक शोधायला लांब जावं लागत नाही. वर कन्नडमध्ये ‘पत्तिन’ (मूळ शब्द ‘पत्तु’), खाली मराठीत ‘पतसंस्था’. दोन्हीकडे शब्द एकच आहे, आणि तो मराठीतून कन्नडमध्ये गेलेला असावा असं मला वाटतं. कारण उच्चारात सापडतं. जुन्या कन्नडमध्ये शब्दाच्या सुरुवातीला असलेल्या ‘प’चा पुढे ‘ह’ झाला. दूध ‘पाल’ होतं ते ‘हालु’ झालं, ‘पळ्ळी’ची ‘हळ्ळी’ झाली, पंपेची हंपी झाली. गंमत म्हणजे दहा या आकड्याला जुन्या कन्नडमध्ये ‘पत्तु’च म्हणत, त्याचं आज ‘हत्तु’ झालंय. उधारीतला ‘पत्तु’ तितकाच जुना, घरचा असता तर त्याचाही ‘हत्तु’ व्हायला हवा होता. तो ‘प’ धरून राहिला, म्हणजे तो बदल होऊन गेल्यावर आत आला. शेवटचा जोड आणि ‘उ’ ही तर कन्नडची नेहमीची पाहुणचाराची रीत. बसचं ‘बस्सु’ होतं आणि ‘बसचा’ म्हणायला ‘बस्सिन’. तसंच पतचं ‘पत्तु’ आणि ‘पत्तिन’.

यायला वाटही रुंद होती. बेळगाव, धारवाड, विजापूर हे जिल्हे 1956 पर्यंत मुंबईच्या कारभाराखाली होते. सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 चा, आणि त्याखालच्या देशातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी एक 1905 साली निघाली ती गदगजवळच्या कणगिनहाळला. तेव्हा तेही मुंबई इलाख्यातच. पण म्हणून ‘आमचा शब्द घेतला’ असा आव आणू नये. अक्का आणि अण्णा आपण कुठून आणले हे आठवावं, मग बोलावं.

मराठीत तो आला संस्कृत ‘प्रत्यय’वरून. प्रत्यय म्हणजे खात्री, विश्वास. प्राकृतात त्याच घरचं ‘विश्वास ठेवणे’ या अर्थाचं क्रियापद आहे, आणि हिंदीतलं ‘पतियाना’ त्याच घराण्यातलं. लॅटिन ‘क्रेडेरे’चाही अर्थ विश्वास ठेवणे, ‘क्रेडिट’ त्यातून निघाला. तेव्हा ‘पत’ आणि ‘क्रेडिट’ ही तुमची जोडी अगदी मुळापासून जुळते.

खरी मौज व्याकरणात आहे. ‘त्याला बाजारात पत आहे’ हे वाक्य नीट बघा. ज्याची पत, तो ‘-ला’ लावून येतो, आणि पत कुठे असते ते ‘-त’ लावून सांगावं लागतं : बाजारात, पेठेत, गावात. ‘त्याच्याजवळ पत आहे’ असं कुणी म्हणत नाही, कारण ती त्याच्याजवळ नसतेच, बाजाराजवळ असते. गेली की मात्र ती ‘त्याची’ होते : ‘त्याची पत गेली.’ असेपर्यंत सगळ्यांची, जाताना एकट्याची! (सामान्यरूपाचा एक त्रास आहे. ‘पतीवर माल उचलला’ असं लिहिलं की नवरा आडवा येतो. बोलताना लोक ‘पत बघून माल दिला’ म्हणून मोकळे होतात. तुम्हीही तेच करा.)

‘ऐपत’ वेगळी. ऐपत म्हणजे फेडायची ताकद, पत म्हणजे हा फेडेल अशी समोरच्याची खात्री. दहा एकर ऊस असून ज्याला दुकानदार दारात उभं करत नाही, त्याला ऐपत आहे, पत नाही. उलट बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या विणकराची ऐपत ती केवढी, तरी नुसत्या शब्दावर त्याला सूत मिळायचं. आणि पत फक्त घेणाऱ्या गरिबाचीच बघतात असं नाही. तुमच्या निपाणीत, जिथे 1981 साली शेतकरी तंबाखूच्या भावासाठी हमरस्त्यावर बसले, तिथे माल आधी वखारीत जाऊन पैसे नंतर मिळणार असतील, तर त्या दिवसांपुरता शेतकरीच सावकार असतो आणि पत बघायची ती व्यापाऱ्याची. त्याला सावकार म्हणायचं मात्र कुणाला सुचत नाही.

आता स्कोअर, म्हणजे कर्ज देण्याआधी बँका बघतात तो आकडा. मीही हे पॉडकास्ट ऐकतो. कर्ज आणि ॲप यांवरच्या गप्पांत दर दोन वाक्यांआड ‘ट्रस्ट’ येतो आणि मला तो ऐकून कंटाळा आलाय. कारण आकडा काढतात तो विश्वास ठेवावा लागू नये म्हणून. सिबिल ही कंपनी 2000 साली निघाली. तिचा आकडा 300 ते 900 च्या मध्ये असतो, आणि आज देशात असं काम करणाऱ्या चार कंपन्या आहेत. कर्ज किती, हप्ते वेळेवर गेले का, किती ठिकाणी नव्यानं कर्ज मागितलं, एवढं त्या बघतात. हप्ता चुकला हे त्यांना कळतं, पाऊस गेला म्हणून चुकला हे कळत नाही. दुकानदाराला दोन्ही कळायचं.

पण पेठेचे गोडवेही फार गाऊ नयेत. पेठ गल्ली बघायची, जात बघायची, कुणाचा कोण हे बघायची. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईला कोणत्या व्यापाऱ्यानं पत दिली? आकड्यात निदान आडनावाला जागा नाही. 2016 ला यूपीआय आल्यापासून चहाच्या गाड्याचीही जमा रोजच्या रोज नोंदली जाते, आणि ती नोंद बघून कर्ज देणारे निघालेत. गाड्यावरचा तो डबा ‘वीस रुपये मिळाले’ म्हणून ओरडतो तेव्हा तो मालकाला ऐकवत असतो, आणि तीच रक्कम तिकडे कुठल्यातरी खात्यात मांडली जात असते. हे ज्या कार्यक्रमात ऐकलं त्यात वक्ते याला ‘गरिबाला पत मिळाली’ म्हणत होते. मी म्हणेन, कर्ज मिळालं. पत म्हणायला देणाराघेणारा एकमेकांना ओळखत तरी हवेत.

म्हणून ‘पतगुण’ला माझी पसंती नाही. गुण म्हटलं की दहावीचा निकाल डोळ्यांपुढे येतो, आणि ‘गुण’ म्हणजे चांगुलपणाही, तो तर त्या आकड्यात अजिबात नाही. ‘पतमानांकन’ वर्तमानपत्रांनी कंपन्यांसाठी आणि देशांसाठी रूढ केलंय, ते तिथेच शोभतं. (जाता जाता : मॉनेटरी पॉलिसीला मराठी वर्तमानपत्रं ‘पतधोरण’ म्हणतात, तो मला फार नेटका शब्द वाटतो. टिपणात जरूर वापरा.) माणसाच्या स्कोअरला लोकांनी आपला शब्द केव्हाच ठरवलाय. बेळगावच्या खडेबाजारात कुणालाही विचारा, “बँकवाले आता सिबिल बघूलालेत” असंच ऐकाल. अहवाल दुसऱ्या कंपनीचा असला तरी ‘सिबिल’च, जसं कुठल्याही यंत्रावर काढलं तरी झेरॉक्स. लिंगही ठरून गेलंय, नपुंसक : ‘त्याचं सिबिल खराब झालंय.’ इथे ‘त्याला’ नाही, ‘बाजारात’ नाही. ‘त्याचं’ आहे, आधारकार्डासारखं. शब्द परका असला तरी त्याचं वाक्य लोकांनी अचूक बांधलंय. तेव्हा टिपणात ‘सिबिल’ लिहा, आणि ‘पत’ जिथे माणसं एकमेकांना ओळखतात तिथल्यासाठी राखून ठेवा.

राहिली उद्री. उत्तर कर्नाटकच्या कन्नडमध्येही ‘उद्री’च आहे. दुकानात ‘इंदु नगदु, नाळे उद्री’ अशी पाटी असते, आपल्या ‘आज रोख, उद्या उधार’ची सख्खी बहीण. बोलणाऱ्याच्या तोंडचं वाक्य देताना ‘उद्री’च ठेवा, दुरुस्त करू नका. तुमच्या स्वतःच्या विवेचनात ‘उधारी’ लिहिलंत तर महाराष्ट्रातल्या वाचकालाही अडणार नाही. फक्त उसन्याशी घोळ नको. उसनी साखर वाटीनं नेतात आणि वाटीनंच परत करतात, ती शेजाऱ्यांत चालते. उद्री दुकानाची, पैशाची, वहीत मांडलेली. पॉडकास्टवाले ज्याला ‘बाय नाऊ, पे लेटर’ म्हणतात त्यापुढे बेलाशक ‘ऑनलाइन उद्री’ लिहा. हप्ता चुकल्यावर लागणाऱ्या दंडाची ओळ तेवढी खाली वेगळी घाला, कारण वाण्याच्या वहीत असला रकाना नसायचा.