कुपर्टिनो की सॅराटोगा? आधी शाळेची हद्द बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून एल-१ व्हिसावर कॅलिफोर्नियात साउथ बेला (सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या दक्षिणेचा भाग) बदली, ऑफिस सनीवेलला, मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. कुपर्टिनोत मुलांच्या अभ्यासाची आणि मोठ्यांच्या पगाराची फार चढाओढ आहे असं ऐकलंय. मग शेजारचं सॅराटोगा, लॉस आल्टोस किंवा लॉस गॅटोस निवांत पडेल का, आणि तिथल्या गर्भश्रीमंतांत आपण उपरे तर वाटणार नाही ना?

निवांत पडेल, पण गावाच्या नावावरून ते ठरत नाही. तुमच्या घरातल्या धावपळीचा वेग ठरतो तो हायस्कूलच्या हद्दीवरून आणि घर कधी, कितीला घेतलंय त्यावरून. ही चार गावं एकमेकांना खेटून आहेत. कुपर्टिनोची वस्ती साठ हजारांच्या आसपास, बाकीची तिन्ही तीस-पस्तीस हजारांची. गावांच्या हद्दी आणि शाळांच्या हद्दी मात्र जुळत नाहीत, आणि नवे लोक नेमके तिथे फसतात.

सॅराटोगाचंच घ्या. पत्त्यात सॅराटोगा लिहिलेलं असूनही उत्तरेकडची काही घरं कुपर्टिनो युनियन आणि फ्रीमॉन्ट युनियन या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या विभागांत, मोडतात. काही घरांची मुलं प्रॉस्पेक्ट हाय या हायस्कूलला जातात. ती शाळा सॅराटोगात असली तरी कॅम्पबेल युनियन या तिसऱ्याच डिस्ट्रिक्टची आहे. उलट लिनब्रूक हाय ही फ्रीमॉन्ट युनियनची नावाजलेली शाळा चक्क सॅन होजे शहरात आहे. लॉस आल्टोसच्या एका कोपऱ्यातली मुलंही कुपर्टिनोच्या शाळांतून होमस्टेड हायला जातात. स्टीव्ह जॉब्जच्या आईवडिलांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस लॉस आल्टोसमध्ये घर घेतलं ते मुलाला कुपर्टिनोच्या डिस्ट्रिक्टची शाळा मिळावी म्हणूनच. म्हणजे हा खेळ आयटीवाल्या भारतीयांनी सुरू केलेला नाही. घरांच्या साइटवर जाहिरातीखाली शाळांची नावं आणि दहापैकी गुण दिसतात, त्यांवर विसंबू नका. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर पूर्ण पत्ता टाकून शाळा शोधा आणि करारावर सही करण्याआधी डिस्ट्रिक्टच्या प्रवेश विभागाला फोन करा. हद्दीत राहूनही जवळची प्राथमिक शाळा भरलेली असेल तर मुलाला दुसऱ्या शाळेत धाडतात.

आता चढाओढीबद्दल. कुपर्टिनोत दोन तृतीयांशांहून जास्त रहिवासी आशियाई वंशाचे, बऱ्याच घरी दोन्ही पगार तंत्रज्ञान क्षेत्रातले. त्यामुळे गाडी किंवा घड्याळ दाखवून तिथे कुणावर छाप पडत नाही. टेस्ला तर दर तिसऱ्या दारात उभी असते. मोजलं जातं ते वेगळंच: कुठली कंपनी, तिथली कुठली लेव्हल (पद), शेअर किती मिळाले, आणि त्याहून जास्त म्हणजे मूल गणितात किती वर्षं पुढे आहे. एएमसी, एआयएमई (गणिताच्या स्पर्धा), रोबॉटिक्स, डिबेट ही नावं मुलगा तिसरीत असतानाच कानावर पडू लागतील. पॉटलकला (प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं जेवण) 'तुम्ही कुठे घेतलंत?' असं कुणी विचारलं तर तो घराचा प्रश्न असतो. 'अजून भाड्यानं' हे उत्तर कुपर्टिनोत कमीपणाचं नाही, बरीच नवी मंडळी भाड्यानंच राहतात.

सॅराटोगात मोजलं जातं ते जमिनीवरून. बहुतेक प्लॉट किमान दहा हजार चौरस फुटांचे, डोंगराकडे एकराच्या आसपास. बऱ्याच गल्ल्यांत रस्त्यावर दिवेही नाहीत, आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय. संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर कुत्रा फिरवणारा दिसला तर दिसला. पण रस्ता शांत म्हणजे घर शांत असं समजू नका. सॅराटोगा हाय अभ्यासाच्या ताणात कुपर्टिनोतल्या मॉन्टा व्हिस्टा हायच्या फार मागे नाही. वेग कमी व्हावा म्हणून सात-आठ लाख डॉलर जास्त मोजून कुपर्टिनोतून तिथे जायचं आणि तेच क्लास, तीच धावपळ, वर गाडीत जास्त वेळ, हा सौदा मला कधीच पटलेला नाही.

लॉस आल्टोस वरवर साधं. फुटपाथ फारसे नाहीत, घरं बैठी, मेन स्ट्रीटवर जुनी दुकानं. पैसा मुरलेला असल्यामुळे तो बोलून दाखवत नाहीत. प्रतिष्ठा कळते ती स्विम क्लबच्या प्रतीक्षायादीत तुमचं नाव कधीपासून आहे आणि शाळेसाठी देणग्या जमवणाऱ्या फाउंडेशनवर तुम्ही काय काम करता त्यावरून. मात्र लॉस आल्टोस हायला माउंटन व्ह्यूच्या साध्या वस्त्यांतलीही मुलं येतात, त्यामुळे वर्गात सगळे एकाच साच्याचे नसतात. तुमच्या मुलीसाठी चारांत मला हा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

लॉस गॅटोसमध्ये श्रीमंती फावल्या वेळातून दिसते. शनिवारी सकाळी नॉर्थ सांता क्रूझ अव्हेन्यूवर सायकलवाल्यांचे घोळके, कॉफी, क्रीक ट्रेलवर पळणारे, शाळेत खेळांना मोठा मान. चारांत हे गाव सगळ्यात सैल आहे. नेटफ्लिक्सचं मुख्यालय तिथेच, त्यामुळे तंत्रज्ञानाचा पैसा कमी आहे असं नाही. मराठी घरं मात्र विरळ. किराणा, देऊळ, मराठी शाळा, महाराष्ट्र मंडळ बे एरियाचा गणपती, सगळ्यासाठी गाडी काढावी लागते. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी सांता क्रूझच्या समुद्रावर जाणारी गर्दी हायवे १७ तुंबवते, आणि ती गावातल्या गल्ल्यांतही घुसते. त्या दिवशी दूध आणायला निघालात तरी अडकाल.

एकाच गल्लीत दोन वेगांची माणसं का राहतात, याचं उत्तर प्रपोझिशन १३ मध्ये आहे. १९७८ च्या या नियमानं मालमत्ता कराचा मूळ दर खरेदी किमतीच्या १ टक्क्यावर बांधला आणि करासाठी धरलेली किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्केच वाढू शकते. समजा, शेजारच्या आजोबांनी १९८० मध्ये दोन लाख डॉलरना घर घेतलं. आज कागदोपत्री त्याची किंमत पाच लाखांच्या आतच, स्थानिक करांसह कर वर्षाला पाच-सहा हजार डॉलर. तुम्ही तसंच घर आज तीस लाखांना घेतलंत तर कर तेहतीस ते सदतीस हजार, वर कर्जाचा हप्ता. आजोबा गुलाबांना पाणी घालतात आणि तुम्ही रात्री दहाला मीटिंगला बसता, त्यामागे स्वभावापेक्षा हे गणित जास्त आहे. निवांतपणा हवा असेल तर तो गावात शोधण्याआधी हप्त्यात शोधा. एल-१ वर असताना, ग्रीन कार्डची रांग माहीत असताना, पहिली दोन वर्षं घर घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

भाड्याचं सांगतो. कुपर्टिनोत दोन बेडरूमचं अपार्टमेंट महिना साधारण साडेतीन ते साडेचार हजार डॉलर. सॅराटोगा आणि लॉस आल्टोसमध्ये अपार्टमेंटच कमी, बहुधा पूर्ण घर घ्यावं लागतं आणि आकडा बराच वर जातो. जुलै २०२४ पासून बहुतेक घरमालकांना एका महिन्याच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही, एक-दोन मालमत्ता असलेल्या छोट्या मालकांना दोन महिन्यांचं चालतं. याची दुसरी बाजू अशी की क्रेडिट हिस्टरी (तिथल्या कर्जफेडीची नोंद) नसलेल्या माणसाला 'जास्त डिपॉझिट देतो' म्हणून घर मिळवता येत नाही. म्हणून सुरुवातीला मोठ्या अपार्टमेंट संकुलांकडे जा, ती ऑफर लेटरवर घर देतात. पगार भाड्याच्या तिप्पट लागतो. वर्षाचं भाडं आगाऊ देऊ नका. खाजगी मालकाचं स्वतंत्र घर घेतलंत तर करारात भाडेवाढीवरच्या कायदेशीर मर्यादेतून सूट असल्याची ओळ आहे का ते वाचा. ती असेल तर पुढच्या वर्षी भाडं कितीही वाढू शकतं.

चारही गावांत रेल्वे नाही. कॅलट्रेन ही लोकल सनीवेल आणि माउंटन व्ह्यूवरून जाते. घरात दोन मोटारी लागतीलच. मॉन्टा व्हिस्टा हाय, केनेडी मिडल आणि लिंकन एलिमेंटरी या तिन्ही शाळा बब रोड-मॅकलेलन रोडच्या आसपास दाटीनं आहेत. सकाळी त्या भागातून ऑफिसला जायचा रस्ता धरलात तर दिवसाची सुरुवातच चिडचिडीनं होईल. लॉस गॅटोस किंवा सॅराटोगाहून सनीवेलला हायवे ८५ धरावा लागतो आणि सकाळी उत्तरेकडची बाजूच तुंबलेली असते. आठच्या ऐवजी साडेनऊला निघता येईल का, हे मॅनेजरला आधीच विचारून ठेवा.

मुलांच्या तयारीत कागद आधी. लसींची नोंद इंग्रजीत, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह आणा. कांजण्यांच्या लशीचे दोन डोस लागतात आणि आपल्याकडे दुसरा बहुधा राहिलेला असतो. सातवीपासून पुढे टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस) हवी. धर्म किंवा मत सांगून लशीतून सूट आता मिळत नाही. ही चारही गावं ज्या जिल्ह्यात येतात त्या सांता क्लारा काउंटीत प्रवेशाआधी क्षयरोगाच्या जोखमीचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. बीसीजी घेतलेल्या मुलांची त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्ताची मागा. शिवाय जन्मदाखला, पासपोर्ट, मागच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका, भाडेकरार आणि वीजबिल. फ्रीमॉन्ट युनियन पत्त्याची पडताळणी कडकपणे करते. नातेवाइकाचा पत्ता देण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

शाळेच्या फाउंडेशनकडून पत्र येईल, त्यात दर मुलामागे चार आकडी देणगी सुचवलेली असते, विशेषतः लॉस आल्टोस आणि सॅराटोगात. ती ऐच्छिकच आहे. सरकारी शाळेला शिकवण्यासाठी फी घेता येत नाही, आणि न दिल्यानं मुलाचं काही अडत नाही. जमेल तेवढी द्या, आकड्याला घाबरू नका.

मुलीबद्दल जरा सविस्तर, कारण ताण तिथेच बसणार आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी) आता प्रवेशासाठी एसएटी ही परीक्षा बघतच नाही. ते जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, काढतात तो दहावी-अकरावीच्या गुणांवरून. एपी-ऑनर्स या वरच्या पातळीच्या विषयांचे जादा गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरचे धरतात, त्यातले दहावीतले चारच. तेव्हा पॉटलकमध्ये 'आमच्याकडे बारा एपी' असं ऐकलंत तर पोटात गोळा येऊ देऊ नका. शिवाय कॅलिफोर्नियातल्या सहभागी शाळांतल्या वरच्या ९ टक्क्यांना, जागा असेल तर, यूसीच्या कुठल्या ना कुठल्या कॅम्पसवर प्रवेश देऊ केला जातो, पण बर्कलीच मिळेल असं नाही. मॉन्टा व्हिस्टात त्या ९ टक्क्यांत शिरणं फार कठीण. ही गोष्ट ब्रोकर सांगत नाहीत.

जोडीदाराला नोकरी करायची असेल तर विमानतळावरून बाहेर पडल्यावर लगेच आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) ऑनलाइन काढा आणि त्यावर एल-२एस, म्हणजे एल-१ वाल्याचा जोडीदार, असं लिहिलंय का बघा. तसं असेल तर वेगळं वर्क परमिट लागत नाही. नुसतं एल-२ असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या.

आणि जूनमध्ये आलात तर शाळा ऑगस्टच्या मध्याला सुरू होईपर्यंतचे आठवडे गणिताच्या क्लासला देऊ नका. मुलीला कुठल्या गणितात बसवायचं याची परीक्षा कधी आहे एवढं शाळेच्या काउन्सेलरला ईमेल करून विचारा. बऱ्याच ठिकाणी ती शाळा सुरू होण्याआधीच असते, आणि चुकली तर तिला खालच्या वर्गात वर्षभर अडकावं लागू शकतं.